विमानतळाची बाजू

“तुला काय, तुला तयारीच नको,” मॅडम हसत म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

वाक्य एवढंसंच. बोलणाऱ्याच्या लक्षातही राहू नये असं. तिने मात्र पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं, वहीत नवं पान उघडलं होतं, आणि आता त्या पेनाला काही कामच उरलं नव्हतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, ग्लोबल स्टडीजच्या त्या विभागात दरवर्षी एक लुटुपुटीची परिषद भरायची. जगातला एखादा प्रश्न घ्यायचा, त्याच्या बाजू वाटून घ्यायच्या, आणि खोटेखोटे प्रतिनिधी होऊन खरेखरे भांडायचं. यंदाचा प्रश्न होता विमानतळाची दुसरी धावपट्टी. मोठ्या शहराच्या कडेला विमानतळ, त्याला हवी दुसरी धावपट्टी, आणि तिच्या वाटेत एक गाव. कुणी सरकार झालं, कुणी कर्ज देणारी बँक, कुणी पर्यावरणवाले. प्रत्येकाला मॅडम वाचायला सांगत होत्या: हा अहवाल बघ, तो करार बघ, त्या निकालाचं शेवटचं प्रकरण सोडू नकोस. माना खाली घालून सगळे लिहून घेत होते. आणि तिच्यापाशी आल्यावर मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला, आजाऱ्याच्या खाटेशी होतो तसा. “तू गावकऱ्यांची प्रतिनिधी. तुला काय, तुला तयारीच नको. मनातलं बोल. तुझं तर घरचंच आहे.”

घरचंच आहे. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खिडकीबाहेर एक विमान पोट खाली करून उतरत होतं आणि काचेची तावदानं बारीक थरथरत होती. त्या थरथरीतच तिला पहिल्या वर्षाचा पहिला तास आठवला. एकेकाने उठून आपली ओळख करून द्यायची होती. तिने उठून सांगितलं होतं, मी अमुक, वडील न्हावी आहेत, आमचं गाव विमानतळात गेलं. कुणाचा भाऊ सैन्यात जावा, कुणाची बहीण नोकरीला लागावी, तसं सहज. घरी सगळे असंच म्हणायचे. पण वर्ग गप्प झाला होता, आणि मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती त्या वर्गात माणूस उरली नाही, गाव झाली. जमिनीचा धडा आला की सगळ्या माना तिच्याकडे. स्थलांतराचा आला की तिच्याकडे. “आपल्याकडे तर प्रत्यक्षच आहे,” मॅडम म्हणायच्या, म्हणजे ती जणू प्रयोगशाळेतल्या कपाटातली बरणी. समुद्रावरच्या व्यापाराचा धडा आला तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यावर तिने जीव तोडून निबंध लिहिला होता: धान्याची जहाजं कुठून कुठे जातात, वाटेत त्यांचा भाव कोण ठरवतं, खलाशी कुठल्या देशाचे आणि जहाजावर झेंडा कुठला. निबंध परत आला तेव्हा शेवटी मॅडमच्या सुबक अक्षरात एक ओळ होती: छान, पण यात तू कुठे आहेस? ती ओळ तिने किती वेळा वाचली असेल. वर्गात ज्या मुलाला सगळे राजदूत म्हणायचे, त्याच्या निबंधात तो कुठे आहे, असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. तो त्याच्या निबंधात नसला तरी चालायचं. त्याला जगाबद्दल बोलायची मुभा होती. तिला फक्त स्वतःबद्दल.

आणि ती आली होती ती जग शिकायला. लहानपणी, गावाच्या बदल्यात मिळालेल्या वसाहतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून ती विमानांच्या शेपट्यांवरची चित्रं बघायची. पक्षी, चंद्रकोर, पान, सिंह. कुठली ही, कुठे चालली, यांना वाट कोण आखून देतं, आणि ती वाट नेमकी आमच्याच गावावरून का गेली? हे तिला विचारायचं होतं. त्यासाठी ती शिकवण्या करून शिकली, प्रवेश परीक्षा दिली, दोन बसेस बदलून रोज इथे यायला लागली. आणि या लोकांनी तिच्या हातात तिचंच गाव परत ठेवलं. जे आता नव्हतं, ते.

“मॅडम,” ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मला विमानतळाची बाजू द्या.”

वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली.

“विमानतळाची?” मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “अगं, तू? म्हणजे... तुला त्रास होईल.”

“त्रास होणार नाही. मला तयारी करायचीय.”

विमानतळाची बाजू राजदूताकडे होती. त्याला हे नाव पहिल्या महिन्यातच पडलं होतं. वडिलांच्या बदल्यांमुळे देशोदेशी वाढलेला, बोलताना दोन्ही तळवे जुळवून बोटांचं देऊळ करायचा, भांडण लागलं की “दोन्ही बाजू समजून घेऊ या” म्हणायचा. मुलगा वाईट नव्हता. त्याचाच तर राग होता; वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. त्याने लगेच हात वर केला. “माझी हरकत नाही. मी गावकरी होतो. उलट आवडेल मला.” त्याला आवडणार होतं! कॅन्टीनमध्ये तो तिच्या टेबलाशी येऊन बसला, हळूच, शोकसभेला आल्यासारखा. “थोडं सांगशील? म्हणजे, नेमकं कसं वाटतं?”

“काय कसं वाटतं?”

“घर जातं तेव्हा.”

“वाचून काढ,” ती म्हणाली. “यादी मॅडम देतील.” आणि अर्धा चहा टाकून उठली. पायऱ्या उतरताना तिला आईची आठवण येऊन हसू फुटलं. वसाहतीत असे विचारणारे नेहमीच यायचे. पाठीला पिशवी, हातात ध्वनिमुद्रक, चेहऱ्यावर अपराधी हसू. मागे एकदा एका मुलीने आईला विचारलं होतं, तुम्हाला जुन्या घराची आठवण येऊन रडू येतं का हो? आई म्हणाली होती, “येतं बाई, पण आज सवड नाही. कपडे भिजत टाकलेत.” ती मुलगी तेही लिहून घेऊन गेली.

मग ती ग्रंथालयात बसायला लागली. खालच्या मजल्यावर, जुन्या अहवालांच्या लोखंडी मांडण्यांशेजारी, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही. विमानतळांचे अहवाल, कंत्राटं, पुनर्वसनाच्या योजना, निरनिराळ्या देशांतल्या, आणि सगळ्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या. आधी तिचा संताप संताप झाला. कुटुंबं हलवण्यात आली. कुणी हलवली? वाक्यात कुणी नव्हतंच. व्यवसायांची पुनर्स्थापना करण्यात आली. म्हणजे बाबांची. तीन रस्ते मिळत होते तिथे बाबांचं दुकान होतं, एका खुर्चीचं. दूध घालायला जाणारा, शाळेला जाणारा, देणं चुकवायला आडवाटेने जाणारा, सगळे त्या खुर्चीपुढून जायचे, आणि दाढी वाढलेली दिसली की बाबा आतूनच हाक मारायचे. घरं मोजली गेली, झाडं मोजली गेली, विहिरी मोजल्या गेल्या. तीन रस्ते मिळतात ती जागा कुणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून ती कुणीच मोजली नाही. जमीनवाले मिळेल तिकडे पांगले. बिनजमिनीचे वसाहतीत आले. आणि बाबांना व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर एक गाळा मिळाला, पांढरा रंग दिलेला, शटरवाला. केस कापायला वर कोण चढतंय? बाबा रोज शटर उघडायचे, खुर्ची पुसायचे, आणि आरशात आपल्याच तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी त्यांनी खुर्ची खाली आणून इमारतीच्या जिन्याखाली मांडली. अहवालात मात्र व्यवसायाची पुनर्स्थापना झालेली होती. खोटंही नव्हतं ते.

पण वाचता वाचता काहीतरी वेगळंच होऊ लागलं, आणि त्याची तिला भीती वाटली. ती भाषा तिला आवडायला लागली. घाम येत नव्हता त्या भाषेला. ती कुणाला तोंड दाखवत नव्हती, कुणाची कीव मागत नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदा ती असं काही वाचत होती ज्यात तू कुठे आहेस असं तिला कुणी विचारत नव्हतं. त्या कागदांत ती कुठेच नव्हती, आणि कुठेच नसण्यात केवढी ऐसपैस जागा होती! बसमध्ये उभ्याउभ्या ती मनात वाक्यं जुळवायची. व्यापक हिताच्या दृष्टीने. उपलब्ध पर्यायांपैकी. दांडीला धरलेला तिचा हात तिला कुणा साहेबाचा हात वाटायचा, आणि ते वाटणं गोड लागायचं. रात्रीच्या शिळ्या अन्नाचा वास यावा तशी मग त्या गोडीचीच शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच जाऊन बसायची.

परिषदेच्या दिवशी सभागृहात टेबलं गोल मांडली होती. प्रत्येकापुढे आपापल्या बाजूची पाटी. राजदूत मुद्दाम विटका शर्ट घालून आला होता. तिच्या बाबांनी गाव उठवायला आलेल्या साहेबापुढे जाताना घरातला सगळ्यात चांगला शर्ट घातला होता, इस्त्री करून. हे त्याला कुणी सांगायचं? तो उभा राहिला, बोटांचं देऊळ केलं, आणि बोलू लागला. आमची माती. आमची मुळं. आमचं आभाळ. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला, खरोखरीचा, आणि पहिल्या रांगेत मॅडमनी रुमाल काढला.

तिची पाळी आली. ती उठली तेव्हा तिचा आवाज गार होता. “गावकऱ्यांच्या प्रतिनिधींच्या भावनांचा आम्ही आदर करतो,” ती म्हणाली. “काही माहिती हवी होती. आपण जमीनमालक, कूळ, की दुकानदार?”

राजदूत गोंधळला. “आम्ही... आम्ही सगळेच.”

“सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे?”

“आम्हाला न्याय हवा आहे.”

“जरूर. कुठे पोचवायचा? पत्ता द्या.”

खसखस पिकली. त्या हसण्याने तिच्या अंगात वारं भरलं. मग ती थांबलीच नाही. प्रवासी, माल, नोकऱ्या, इतर शहरं पुढे निघून चाललीत; आज नाही म्हणाल तर उद्या धावपट्टी दुसरीकडे होईल आणि गावाला ना शेती उरेल ना विमानतळ. प्रत्येक आकडा तिच्या जिभेवर होता. बँकेची बाजू माना डोलवू लागली, सरकार लिहून घेऊ लागलं. शेवटी पर्यावरणाच्या पाटीमागची मुलगी उठली. भाबडी पोर, बोलताना त्या पोरीने विमानतळाच्या पाटीकडे एकदा चोरून पाहिलंही. “ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचं काय? समजा, गावातला न्हावी. त्याचं गिऱ्हाईकच पांगलं तर?”

“न्हाव्याची काळजी नको,” ती म्हणाली. “माणसं कुठेही गेली तरी केस वाढायचे थांबत नाहीत.”

सभागृह हसलं. मोठ्याने, मनापासून, मागच्या रांगांपर्यंत. राजदूतही हसला, विटक्या शर्टातला गावकरी, मान मागे टाकून. फक्त तिला ते हसणं पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटलं, कारण वाक्य तिचं नव्हतं. ते शाळेच्या मैदानात ठोकलेल्या तंबूतलं होतं. उन्हाने तापलेलं कापड, टेबलामागे साहेब, टेबलापुढे इस्त्रीच्या शर्टात बाबा आणि बाबांचं बोट धरून ती. बाबांनी विचारलं होतं, साहेब, माझं गिऱ्हाईक कुठेकुठे जाणार, मी कुणाच्या मागे जाऊ? आणि साहेबाने मान वर न करता तेच वाक्य टाकलं होतं. तंबूतले सगळे हसले होते. बाबा हसले होते. बाबा हसले म्हणून तीही हसली होती, त्यांच्या हाताला लोंबकळत. इतक्या वर्षांत ते वाक्य तिला आठवलंही नव्हतं. ते आत कुठे बसलं होतं, आणि किती सहज बाहेर आलं, तयार, धुतलेलं, कुणीतरी रोज पुसून ठेवल्यासारखं!

मतं पडली. धावपट्टी मंजूर झाली.

मॅडमनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला कसलासा फुलांचा वास होता. “अंगावर काटा आला गं माझ्या. स्वतःच्या दुःखाच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे! आता प्रबंधही तुझ्या वसाहतीवरच कर. इतर मुलांना तिथे ओळखी काढाव्या लागतात. तुला दार उघडंच आहे.” तिने टेबलावरची विमानतळाची पाटी उचलली आणि पिशवीत घातली.

घरी पोचली तेव्हा दिवस अजून मावळायचा होता. जिन्याखाली बाबा खुर्चीभोवती पडलेले केस झाडत होते. शेवटचं गिऱ्हाईक गेलं होतं, साबणाचा फेस वाटीत सुकत होता. ती खुर्चीच्या पायरीवर बसली आणि काहीही गाळलं नाही, सगळं सांगितलं. पाटी, पत्ता, न्हावी, हशा. सांगताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. केरसुणीचा आवाज थांबला होता.

“हसले का लोक?” बाबांनी विचारलं.

“हसले.”

“तेव्हाही हसले होते.”

“तुम्हीही हसला होतात बाबा.” हे तिला म्हणायचं नव्हतं. पण आता आवरेना. “तुम्ही का हसलात? सगळ्यांपुढे तो तुम्हाला तसं बोलला, आणि तुम्ही दात काढलेत!”

“मोठा माणूस विनोद करतो तेव्हा हसायचं असतं,” बाबा म्हणाले. मग वस्तरा पुसत, “आणि हातात काही नव्हतं ना तेव्हा. खुर्चीत बसलेला माणूस कधी माझी चेष्टा करत नाही बघ. हे गळ्याशी असताना फार सभ्य बोलतात लोक.”

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही, दोन्ही एकाच दारातून घुसू पाहणाऱ्या माणसांसारखी. “तुम्हाला राग नाही आला?”

“आला की.” बाबांनी वस्तरा मिटला. “पण राग येऊन मी जाणार कुठे होतो? गिऱ्हाइकावर काढू? तुझ्या आईवर काढू? तो साहेब परत दिसलाच नाही कधी. आपल्याकडे येतात ते सगळे विचारायला येतात. सांगायला कुणी येत नाही.” ते वाटी विसळायला नळाशी गेले. पाठमोरे असतानाच म्हणाले, “चांगली बोललीस म्हणतेस. पण माझ्या वाटचं कुणी बोललं का तिथे?”

“एक मुलगा बोलला.”

“कसा बोलला?”

“रडला.”

“अरे देवा,” बाबा म्हणाले.

त्या दोन शब्दांवर तिला रात्रभर पुरेल एवढा संताप आला, आणि गंमत म्हणजे सकाळी उठली तेव्हा तो उतरलेला नव्हता, फक्त त्याला दिशा आली होती. इतके दिवस तो सगळीकडे सांडत होता: राजदूतावर, मॅडमच्या रुमालावर, बाबांच्या हसण्यावर, स्वतःवर. आता तो एका धारेने वाहू लागला. आंघोळ करताना, बसमध्ये, विभागाच्या पायऱ्या चढताना ती एकच गोष्ट घोळवत होती. बाबांना विचारलं गेलं. आईला विचारलं गेलं. त्यांना झोप लागते का, आठवण येते का, मुलं काय शिकतात, सगळं विचारून झालं, लिहून झालं, त्यावर लोकांना पदव्या मिळाल्या. तो साहेब सकाळी उठून तंबूत यायच्या आधी काय विचार करायचा, त्याला ते वाक्य कुणी शिकवलं, की त्याने स्वतः रचलं, घरी जाऊन ते त्याने बायकोला सांगितलं का, हे आजवर कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

“मॅडम, मी वसाहतीवर प्रबंध करणार नाही,” ती म्हणाली. मॅडमच्या खोलीत देशोदेशीच्या बाहुल्या मांडलेल्या होत्या. “मी गाव उठवणाऱ्यांवर करणार आहे. कार्यालयातल्या माणसांवर. त्यांच्या मुलाखती घेणार.”

मॅडमनी चष्मा काढला. “ते नाही बोलायचे. ते दारात उभं करणार नाहीत तुला.”

“प्रयत्न करते.”

“अगं, तुझ्या लोकांचा आवाज पुढे आणायची केवढी संधी आहे ही. ते तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील. दार उघडतील.”

“आमच्या दारांना आतून कडीच नव्हती मॅडम,” ती म्हणाली. “कुणीही यायचं. म्हणून तुम्हाला ती उघडी वाटली.”

मॅडमचा चेहरा पडला. त्या ओशाळतील, चिडतील, काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. पण त्या नुसत्याच एका बाहुलीचा झगा सारखा करत राहिल्या. त्या क्षणी तिला त्यांची कीव आली, आणि मग आली म्हणून परत राग आला. “साहित्य मिळालं नाही तर वर्ष वाया जाईल,” मॅडम शेवटी म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, ज्या आवाजात त्या इतरांशी बोलत. “पुनर्वसनाच्या प्रशासनावर फार थोडं काम झालंय. आधी ते सगळं वाच. मग प्रश्नावली कर. मी तपासेन, आणि कच्ची असली तर परत पाठवेन.” तिने वही उघडली आणि लिहून घेऊ लागली.

ते काम तिने केलं. प्रश्नावली दोनदा परत आली, लाल खुणांनी भरून, आणि त्या लाल खुणांचा तिला काय आनंद झाला! मग विमानतळाच्या कार्यालयात खेपा सुरू झाल्या. काचेची इमारत, गुळगुळीत फरशी, आणि स्वागताच्या टेबलामागे एक बाई. कुणाकडून आलात? काय काम? साहेब बैठकीत आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब आत्ताच गेले. जुना साहेब कधीच निवृत्त होऊन दुसऱ्या शहरी गेला होता. त्याच्या हाताखाली शिकलेला, तंबूत त्याच्या शेजारी बसून कागद पुढे सरकवणारा तरुण कारकून आता पुनर्वसन विभागाचा प्रमुख होता. ती कोचावर बसून राहायची. कोच एवढा मऊ होता की त्यात बसलेला माणूस आपोआप लहान दिसायचा, म्हणून काही दिवसांनी ती उभीच राहू लागली. स्वागताच्या बाईला तिची सवय झाली. “तुमची चिकाटी म्हणजे कमालच आहे,” ती एकदा म्हणाली आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं.

एका दुपारी आतलं दार उघडलं आणि तो प्रमुख स्वतःच बाहेर आला. पोट सुटलेला, थकलेला, गळ्यात ओळखपत्र. चेहरा तिला मुळीच आठवत नव्हता. तिने वाईट वाटायची तयारी ठेवली होती, पण समोर फक्त एक माणूस होता, ज्याने जेवण घाईत केलं होतं.

“तुम्हीच का त्या रोज येणाऱ्या?” त्याने विचारलं. “हे बघा, वसाहतीच्या तक्रारी असतील तर खाली खिडकी आहे. गाळ्यांचं प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलू शकत नाही. लोकांच्या अडचणींची सगळी माहिती आमच्याकडे आहे. तुम्हाला नेमकं कशाबद्दल विचारायचंय?”

“तुमच्याबद्दल,” ती म्हणाली.

त्याने वळून मागे पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून. मागे कुणीच नव्हतं.